भिंतीचा फोटो

२२ नोव्हेंबर

कॅमेरा मेला. मंगलाष्टकं संपत आली होती, अक्षतांची शेवटची मूठ हवेत होती, आणि तेवढ्यात आतला आरसा खट्‌कन वर गेला तो खाली आलाच नाही. नवरीच्या मामाने विचारलं, "काय झालं जी?" मी म्हटलं, "बॅटरी." बत्तीस वर्षांच्या धंद्यात एवढं सरळ खोटं मी कधी बोललो नव्हतो.

उरलेलं लग्न व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यावर मारून नेलं. जेवायला उभं राहायचं. एका हातात ताट, त्यात वरणात गुलाबजामाचा पाक, आणि मागचा माणूस माझ्या खांद्यावरून भाताला हात घालतोय. किळस आली. उपाशी घरी आलो.

दीपमालाने विचारलं, "बरं झालं का लग्न?" मी कॅमेरा तिच्या टेबलावर आपटला. स्टुडिओत फोटो मी काढतो, कॉम्प्युटरवरचं काम आणि अल्बम ही माझी बायको करते. तिने आत बघितलं आणि म्हणाली, "लेन्सा तं चांगल्या हायेत ना?"

हो. लेन्स चांगल्या आहेत. तेवढंच चांगलं उरलं आहे.

२४ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याचा फोन आला. सुटे भाग येत नाहीत, बॉडी भंगारात. आम्ही नुसत्या कॅमेऱ्याला बॉडी म्हणतो. आज तो शब्द नको वाटला.

तर नवीन बॉडी घ्यायची. माझ्याकडे तीन लेन्स आहेत, तिन्ही वीस वर्षांच्या वरच्या, लोखंडासारख्या. त्यातली पंच्याऐंशी एमएमची लेन्स म्हणजे माझा धंदा. चेहरा काढावा तर तिनेच. ती एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याला बसते, तेव्हा बॉडीही त्याच कंपनीची हवी. एवढी साधी गोष्ट. पण आमच्याकडे साधी गोष्ट करून बघा.

दिग्रसमध्ये मला लग्नासाठी कमी आणि भिंतीच्या फोटोसाठी जास्त ओळखतात. घरातलं म्हातारं माणूस चालतं-फिरतं आहे तोवर त्याचा एक चांगला फोटो काढून ठेवायचा, पुढे भिंतीवर लागतो तो. असं तोंडावर कोणी म्हणत नाही. "बाबा, पेन्शनच्या कागदाले फोटो पाह्यजे," असं सांगून आणतात. म्हातारी माणसं बसतात. पण स्टुलावर बसल्यावर म्हातारी पदर डोक्यावरून किती नीट घेते यावरून मला कळतं, की तिला कळलं आहे. पेन्शनच्या कागदाला कोणी इतका नीट पदर घेत नाही.

या फोटोत डोळे धारदार हवेत, बाकी काही नसलं तरी चालेल. मी ज्यांच्याकडे शिकलो ते म्हणायचे, मशीन नाक पकडते, डोळा माणसाने पकडायचा. म्हणून भिंतीच्या फोटोला मी कधी ऑटोफोकस वापरला नाही. लेन्सची कडी हाताने फिरवायची, बुबुळ खडं, म्हणजे धारदार, झालं की दाबायचं. ऑटोफोकस आळशांसाठी.

बाबांचाही मीच काढला. दोन वर्षांपूर्वी. देवराव गुरुजी, पांढरा सदरा, खिशाला नेहमीचं पेन. त्यांना पेन्शनचं सांगावं लागलं नाही. स्वतःच म्हणाले, "काढून ठेव." बैठकीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आता बाबा आहेत. रोज सकाळी हार बदलतो मी.

आईचा राहिला आहे. आई चौऱ्याऐंशीची. दोन वर्षं मागे लागलो आहे, बसत नाही. कधी गुडघे दुखतात, कधी लुगडं धुतलेलं नाही. आज म्हटलं, आई, नवीन कॅमेरा आला की पहिला तुझा. तर म्हणाली, "मले कोन्ते कागद काढाचे हायेत?"

हट्टी बाई. या घरात हट्टी माणसांचा मला वीट आला आहे.

२७ नोव्हेंबर

यवतमाळला गेलो. एसटीत खिडकीखाली कोणीतरी ओकून ठेवलेलं, वर कागद टाकलेला, कागदावर नेत्याचा हसरा चेहरा. दारव्ह्यापर्यंत उभा राहिलो.

दुकानात कपिल नावाचा सेल्समन. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलताना तोंड वर करून बोलतो, म्हणजे सांडू नये. त्याने सगळ्यांत छोटी बॉडी काढली. म्हटलं, माझी लेन्स यावर चालते?

"बसते ना, सर."

"बसते ते मला दिसतं. चालते का?"

"बसते म्हणजे चालतेच ना, सर."

त्याला समजावून सांगितलं. जुन्या मोठ्या बॉडीत लेन्स जिथे अडकते तिथे एक बारीक स्क्रू असतो. आतली मोटर तो फिरवते, तो लेन्सला फिरवतो, तेव्हा फोकस आपोआप होतो. माझ्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही. आणि या छोट्या बॉडीत कंपनीने स्क्रूच काढून टाकला आहे. म्हणजे लेन्स बसेल आणि मुकाट बसून राहील. कपिलने बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "अरे हो बे!" मला 'बे' म्हणाला. मग, "सॉरी सर."

मग त्याने बिनआरशाचे नवे कॅमेरे काढले. आता सगळे हेच घेतात, आरशाचे बंद होत चालले म्हणे. त्यांना माझी लेन्स लावायला मध्ये एक कडी घ्या, आणि कडी लावूनही फोकस हातानेच. नाहीतर तिन्ही लेन्स विका आणि नव्या घ्या. "मोडीत चांगल्या जातील, सर." मोडीत! ज्या काचेतून अर्ध्या दिग्रसची म्हातारी माणसं मी बघितली ती मोडीत.

पण खरी चीड याची, की हाताने फोकस करून बघितला तर एकही बॉडी खडी दिसेना. छोटी, मोठी, बिनआरशाची, सगळ्यांत तवा तापल्यावर वर धूर उठतो तसा पातळ धूर. व्ह्यूफाइंडरशेजारी नंबरची चकती असते, चष्म्यासारखी, ती शेवटच्या टोकापर्यंत फिरवली. तरी तेच. कंपन्यांनी आतल्या काचाही स्वस्तातल्या घालायला सुरुवात केली आहे, दुसरं काय. माझा जुना कॅमेराही शेवटची दोन वर्षं असाच मऊ दाखवत होता, पण तो म्हातारा होता. या नव्यांना काय झालं?

परतताना समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे फुटून डोळ्यात शिरत होते. हे एलईडी दिवे विकणाऱ्याला त्याच दिव्यांसमोर रात्रभर बसवलं पाहिजे.

१ डिसेंबर

लॅबशी भांडण. सहा महिने सांगतोय, प्रिंट पिवळट येतात. आज मालक म्हणाला, "भाऊ, तुमच्याच फोटोले काहून पिवळे दिसतात? बाकीचे तं कोनी नाई म्हनत." म्हटलं, बाकीच्यांना दिसत नाही म्हणून. फोन ठेवला.

आईच्या लुगड्याचंही तेच. आयुष्यभर पांढरं लुगडं नेसलेली बाई, आणि हल्ली ते गव्हाच्या पिठाच्या रंगाचं. दीपमालाला म्हटलं, नीळ घालत नाहीस का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, एकदा डोये दाखवून द्या ना."

लुगडं धुवायला सांगितलं की डोळे दाखवा. प्रत्येक गोष्टीला हिचं हेच उत्तर. जुना चष्मा आहे, तो पुरे आहे.

५ डिसेंबर

दारव्ह्याला नेमसिंगकडे गेलो. माझ्याच वयाचा, आम्ही एकत्र शिकलो. त्याची मुलं आता ड्रोन उडवतात, अरुणावतीच्या धरणावर नवरा-नवरीला पाण्यात उभं करून रील काढतात, म्हणून याने मोठी बॉडी विकायला काढली. पाच वर्षांची, आत स्क्रू असलेली. माझ्या लेन्सना हवी तशीच.

मागचं रबर विरघळून चिकट झालेलं. हाताला गुळासारखं लागलं. ते पुसत बसलो. मग पंच्याऐंशी लावली आणि समोर नेमसिंगच्या बायकोवर हाताने फोकस केला. धूर. पुन्हा केला. पुन्हा धूर.

"नेमसिंग, आतला आरसा सरकला आहे."

त्याने कॅमेरा घेतला, डोळा लावला, कडी एकदा फिरवली. "मले तं खडा दिसून राह्यला, भाऊ. पापनीचा केस न्‌ केस."

"तुला विकायचं आहे, तुला दिसणारच."

त्याने कॅमेरा बाजूला ठेवला. बायको आत गेली, चहा न देता. मी काय वावगं बोललो? जुने मित्र आहोत म्हणून फसवून घ्यायचं का? जाताना त्याने विचारलं, "तू आंधी उजवा डोया लावत व्हता ना? आता काहून डावा?"

सांगितलं, उजवा लावला की नाक मागच्या पडद्याला लागून तेलाचा डाग पडतो. हे खरंच आहे. दोन वर्षं झाली तसं करून.

६ डिसेंबर

विहारात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि एकाचंही पांढरं पांढरं नाही. निदान आजच्या दिवशी तरी स्वच्छ धुतलेलं घालून यावं. वंदना चालू असताना मन त्या मळक्या कपड्यांवरच राहिलं, आणि त्याचीही शरम वाटली.

१० डिसेंबर

शेवटी यवतमाळची छोटी बॉडीच घेतली. रात्रंदिवस विचार केला. स्क्रू नाही तर नाही. मी भिंतीचा फोटो हातानेच फोकस करतो ना? मग मला मोटर कशाला? ज्या हाताने बत्तीस वर्षं केलं त्याच हाताने पुढची दहा करीन. लेन्स वाचल्या, हे महत्त्वाचं.

कपिल म्हणाला, "सर, फोकस नीट झाला की आतमंदी हिरवा ठिपका लागते, तो पाहून काढा." आता ठिपका मला शिकवणार.

घरी आल्यावर आईला म्हटलं, आला बरं का कॅमेरा, बस आता. तिने माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बसू. सवडीनं बसू." तिला कसली सवड हवी आहे? तिच्यासाठी मी एवढी धावाधाव केली. उद्या काही झालं तर भिंतीवर काय लावू, मतदान कार्ड? हे तिला बोलून दाखवलं आणि नंतर जेवण गेलं नाही.

१७ डिसेंबर

बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो होतो. धनसिंगच्या आईचा भिंतीचा फोटो. भुरीबाई, नव्वदीला टेकलेली. तिने स्वतः अट घातली होती, की फोटो साडीत नाही, जुन्या पोशाखात. फेट्या म्हणजे घेरदार घागरा, आरशांची कांचळी म्हणजे चोळी, डोक्यावर ओढणी, कोपरापर्यंत चुडा. तो पोशाख घालणारी तांड्यावर ती एकटी उरली आहे. सुना सकाळपासून पेटीतून काढून एकेक अंगावर चढवत होत्या. धनसिंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "याडीले आधार कार्डाचं सांगतलं हाय, भाऊ." याडी म्हणजे आई.

अंगणात बाज टाकून बसवलं. ऊन चांगलं होतं, पण कांचळीच्या प्रत्येक आरशातून ऊन फुटून उठत होतं आणि त्या फुटक्या उजेडात तिचे डोळे हरवत होते. कडी इकडे फिरवली, तिकडे फिरवली. डावा डोळा लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मान वाकडी करून बघितलं. सगळा तांडा भोवती जमलेला.

भुरीबाई म्हणाली, "बेटा, थांब थोडं."

मी थांबलो.

"तू मान अशी कायले करून राह्यला? मोतीबिंदाच्या आपरेशनाआंधी मी अशीच करत व्हती. चुलीत लाकूड घालाले जावं तं भलतीकडंच जाये."

पोरं हसली. धनसिंग ओरडला, "याडी, गप बस ना!" मी पण हसल्यासारखं केलं. मग भराभर चाळीस फोटो काढले आणि निघालो. नव्वदीची बाई मला फोटो काढायला शिकवणार! शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, कॅमेऱ्याचं तर सोडाच. आधार कार्डाचं म्हणून बसली होती ना, मग गप बसायचं.

पण मी निघताना तिने डोक्यावरची ओढणी पुन्हा पुढे ओढून पदरासारखी नीट केली होती, हे आठवतं आहे.

२२ डिसेंबर

धनसिंग फोटो परत घेऊन आला. फ्रेमसकट, चादरीत गुंडाळून. मी समोर होतो तरी माझ्याशी बोलेना, दीपमालालाच म्हणाला, "वहिनी, भाऊले सांगू नका, पन याडी म्हने, ह्या बाईले डोये नाईत."

काउंटरवर ठेवून गेला. पैसेही परत मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

दीपमालाला विचारलं, चाळीसपैकी एकही खडा नव्हता?

ती म्हणाली, "नव्हता."

"मग मला सांगायचं."

"दोन वर्सं झाले सांगून राह्यली." मग खाली बघून, "मी कॉम्प्युटरवर रेघा वढून डोये काढते तुमच्या फोटोतले. पापन्या एकेक वढते. कोनाले दिसत नाई. ह्याच्यात तेवढंबी हाती लागलं नाई."

मी काय बोललो ते लिहीत नाही. चांगलं बोललो नाही. माझ्या बायकोने दोन वर्षं माझ्या फोटोंना डोळे काढले. दिग्रसमध्ये माझं नाव ज्यावर आहे ते तिने माउसने काढलेलं.

किळस आली, आणि पहिल्यांदा ती दुसऱ्या कोणाची नव्हती.

२३ डिसेंबर

सकाळी कोणी नसताना कॅलेंडरसमोर उभा राहिलो. उजवा डोळा झाकला. तारखा दिसल्या, कडेला जरा पुसट. मग डावा झाकला.

कॅलेंडर नव्हतं. पिवळा कागद होता.

तीनदा करून बघितलं. मग दीपमालाला म्हटलं, चल यवतमाळला. तिने लगेच पिशवी उचलली.

डॉक्टरने उजेड मारला. "मोतीबिंदू. उजवीकडे पिकला आहे. डावीकडे सुरू आहे. इतके दिवस काय करत होतात?"

म्हटलं, कॅमेरा निवडत होतो.

९ जानेवारी

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आज पट्टी काढली. डॉक्टरचा कोट इतका पांढरा होता की त्रास झाला. बाहेर आलो. आभाळ निळं आहे. मूर्खासारखं लिहितो आहे, पण मला वाटलं होतं धुळीमुळे आता ते राखाडीच झालं आहे.

घरी पोचलो तर आई ओट्यावर बसलेली. तिचं लुगडं पांढरंशुभ्र. नीळ घातलेलं.

दीपमालाला सांगितलं, लुगडं स्वच्छ आहे. ती म्हणाली, "व्हतंच." आणि दार लावून रडली. वर्षभर मी तिला त्या लुगड्यावरून बोलत होतो.

१० जानेवारी

आज हार बदलताना बाबांचा फोटो पाहिला.

पेन दिसतं. क्लिप दिसते, क्लिपवर कोरलेलं नाव वाचता येतं. सदऱ्याच्या खिशाची शिवण, टाका न्‌ टाका. फोकस तिथे आहे. बाबा थोडे मागे रेलून बसले होते, आणि मी पेन पकडलं.

डोळे नाहीत. दोन पुसट डाग आहेत आणि त्यांवर दीपमालाने काढलेल्या पापण्या. आता मला त्या एकेक ओळखू येतात.

रोज सकाळी हार घालत होतो मी. रोज. आणि बाहेर जाऊन इतरांच्या घाणीला नावं ठेवत होतो.

११ जानेवारी

आईला विचारलं, तुला माहीत होतं?

"फोटो लावला त्याच दिवशी दिसलं मले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू त्याईच्या फोटोले पाहून रडून राह्यला व्हता. तवा काय सांगू तुले? फोटो खराब हाय म्हनून?"

गेल्या दोन वर्षांत भिंतीवर गेलेले माझे फोटो आठवत बसलो. गावात, वाड्यांवर, तांड्यांवर, एक तर पार ढाणकीला. त्यातली निम्मी माणसं आता पुन्हा स्टुलावर बसणार नाहीत.

दुपारी बाजारातल्या एका घरी मुद्दाम गेलो. त्यांच्या आजोबांचा फोटो बघितला. कान लख्ख आला आहे. कानावरचे केस मोजता येतात. घरातली बेबीताई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "लय चांगला आला जी तुमचा फोटो. कोनी आलं का आम्ही दाखवतो." कप तसाच खाली ठेवला. सांगावं असं ओठांवर आलं होतं. ती पदराने काच पुसत होती. नाही सांगितलं. हे बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.

२ फेब्रुवारी

डॉक्टरने जड उचलायला मनाई केली आहे, म्हणून दीपमाला बरोबर आली. नेमसिंगकडे. दारात उभं राहून म्हटलं, तुझा आरसा जागेवर होता. माझं चुकलं.

तो म्हणाला, "थे मले तवाच समजलं, बापा. बस."

बॉडी अजून विकली गेली नव्हती, तीच घ्यायची ठरवून आलो होतो. चिकट रबर त्याने काढून नवं बसवलं होतं. छोटी परवाच कपिलच्या दुकानात पडत्या भावात परत दिली होती, तेव्हा तो तोंड वर करून काही बोलला, ते कळलं नाही. नेमसिंगच्या बायकोने या वेळी चहा दिला. तिच्यावर पंच्याऐंशी रोखली आणि बटण अर्धं दाबलं. आतला स्क्रू फिरला, लेन्स घर्रर्र करून सरकली आणि पापणीवर जाऊन थांबली. आळशांचा फोकस. मी तो तीन-चार वेळा केला. मग कडी हाताने फिरवून तोच आला का ते बघितलं. आला.

९ फेब्रुवारी

तांड्यावर गेलो. भुरीबाई पुन्हा त्याच पोशाखात तयार होती. सुनांनी काही कुरकुर केली असावी, चेहऱ्यांवर दिसत होतं. बाजेवर बसताना तिने माझा चेहरा जवळ ओढला आणि डोळ्यात पाहिलं, डॉक्टरसारखं. "हां. झालं." मग धनसिंगला म्हणाली, "आता मले आधार कार्डाचं खोटं सांगू नको."

सहा फोटो काढले. सहाही खडे. दीपमालाला कॉम्प्युटरवर काही करावं लागलं नाही. ती नुसती बसून बघत होती.

१६ फेब्रुवारी

दुपारी जेवण झाल्यावर स्टुडिओत पाठ करून लेन्स पुसत होतो. मागे काठीचा आवाज झाला. वळून पाहिलं तर आई. बोलावलं नव्हतं. दोन वर्षांत ती स्टुडिओच्या उंबऱ्यावर आली नव्हती.

माझ्या हाताला धरून स्टुलावर बसली. काठी भिंतीला लावली. पांढरं लुगडं, घडीचं.

मी म्हटलं, आई, कशासाठी काढायचा ते...

"मले माहीत हाय कायच्यासाठी. म्हनूनच नव्हती बसत." मग लुगड्याची घडी सारखी करत, "त्याईचा फोटो तं गेला, अश्वजित. माहा नको जाऊ देऊ."

मी उजवा डोळा लावला. कॅमेऱ्याने आधी तिच्या नाकावर फोकस घेतला. मी ऑटोफोकस बंद केला, कडी हातात घेतली आणि हळूहळू मागे आलो, नाकावरून गालावर, गालावरून पापणीवर. बुबुळ खडं झालं. त्यात खिडकी होती, आणि खिडकीपुढे मी होतो, कॅमेरा धरून.

"दिसते का?" आईने विचारलं.

"दिसते."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, कानामागे नीट केला, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी बटण दाबलं.